दिसलं म्हणजे गेलं! (वाचकांचे प्रश्न : खेळांचे फोटो)

मागच्या अंकात पुढचा विषय खेळांचे फोटो असं नुसतं एका ओळीत टाकलं होतं आणि एवढे प्रश्न आले की बायको म्हणाली आता ऑफिसला रजाच टाका. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, जे प्रश्न चारचौघांचे आहेत तेच घेतलेत. एक आधीच सांगतो, मी काही प्रेस फोटोग्राफर नाही, सोमवार ते शुक्रवार खुर्चीत बसून फाइली बघणारा माणूस आहे, मैदानावर जातो ते शनिवार-रविवार. त्यामुळे लाखाच्या लेन्सबद्दल मला विचारू नका, माझ्याकडेच नाहीये.

प्रश्न : आमच्या गावात दरवर्षी रात्रीच्या कबड्डी स्पर्धा भरतात. माझ्याकडे साधा डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. फोटो एकतर काळे येतात नाहीतर खेळाडू पुसट. शिवाय एकापाठोपाठ काढलेल्या फोटोंत एक पिवळट, एक बरा, एक अंधारलेला असं होतं. कॅमेरा बिघडलाय का? (एक वाचक, कराड)

कॅमेरा ठणठणीत आहे, सर्व्हिस सेंटरला पैसे घालू नका. पिवळट-बरा-अंधारलेला ही भानगड दिव्यांची आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे असले दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, आपल्या डोळ्याला ते कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. गावात ज्याला सगळे हॅलोजन म्हणतात ते बरेचदा मेटल हॅलाइड असतात, नाहीतर स्वस्तातले एलईडी, आणि हे दोन्ही चांगलेच लुकलुकतात. तुम्ही १/१००० ला (म्हणजे शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडं ठेवून) फोटो काढलात की त्या लुकलुकीचा एक छोटासा तुकडाच पकडता, नशिबात उजेडाचा आला तर बरा, मधला आला तर काळा. मेनूत 'अँटी-फ्लिकर' नावाचं काही आहे का बघा, असेल तर चालू करा, कॅमेरा उजेडाच्या टोकाला शटर मारायला बघतो, थोडा सावकाश चालतो पण चालतंय. नसेल तर रॉ मध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा आणि घरी रंग जुळवा, किंवा सरळ ब्लॅक अँड व्हाइट करा, मी तर निम्म्या वेळा तेच करतो आणि लोकांना वाटतं काय कलाकार माणूस आहे.

आता पुसट. कबड्डीला १/५०० च्या खाली जाऊ नका, जमलं तर १/८००. आणि इथेच १८-५५ मार खाते, कारण झूम केली की तिचं तोंड एफ ५.६ च्या वर उघडतच नाही (एफचा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं). त्याऐवजी ५० एमएम एफ १.८ घ्या, सेकंडहँड मिळाली तरी चालेल. ५.६ च्या तुलनेत १.८ ला साधारण साडेनऊ पट उजेड आत येतो, साडेनऊ पट! म्हणजे आयएसओ (सेन्सर उजेडाला किती चटकन दाद देतो तो आकडा) तीच ठेवून जिथे १/८० मिळत होतं तिथे थेट १/८०० च्या आसपास जाता येतं. मॅन्युअल मोड, शटर १/८००, एफ २, आयएसओ ऑटो आणि त्याला ६४०० ची कमाल मर्यादा, बस्. फोटोत दाणे येतील, येऊ देत. दाणेदार फोटो लोक बघतात, हललेला कुणी बघत नाही.

बसायचं कुठे हे मात्र लेन्सपेक्षा महत्त्वाचं आहे आणि यावर कुणी बोलत नाही. सगळे कॅमेरेवाले मध्यरेषेच्या टोकाला गर्दी करतात, कारण तिथून दोन्ही बाजू दिसतात. दिसतात हो, पण सगळ्या एका कुशीवरून, चेहरा कुणाचाच नाही. तुम्ही अंतिम रेषेच्या मागे, एका कोपऱ्याकडे, मांडी घालून बसा. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब असतं, म्हणजे मध्यरेषा तुमच्यापासून साडेसहा मीटरवर. तिथे तुमच्या कॅमेऱ्यावर ५० एमएम लावली की फ्रेममध्ये साधारण तीन मीटर रुंदी मावते, एक चढाईपटू आणि त्याला लटकलेले दोघं-तिघं, एवढंच तर हवंय. समोरून चढाई आली तर चढाईपटूचा चेहरा सरळ तुमच्याकडे. आणि तुमच्या बाजूचा गडी पलीकडे चढाईला गेला तर पाठ दिसते हे खरं, पण तो परत येताना बघा! घोट्याला एकजण चिकटलाय, कमरेला दुसरा, आणि हा आडवा पडून हात मध्यरेषेकडे ताणतोय, बोटं रेषेच्या चार इंच अलीकडे, डोळे बाहेर आलेले, तोंडात माती, आणि ते सगळं तुमच्याकडे तोंड करून. कबड्डीचा फोटो तो.

आता तो फोटो दाबायचा कधी. माणसाने बघितलं आणि बोट हललं यात पाव सेकंदाच्या आसपास जातो. त्यात डीएसएलआरमध्ये शटर उघडतं तेव्हा आरसा वर जातो आणि व्ह्यूफाइंडर काळा होतो. म्हणजे जो क्षण तुम्हाला भिंगातून स्वच्छ दिसला तो तुमच्या कार्डावर नाहीच. दिसलं म्हणजे गेलं. म्हणून होण्याआधी दाबायचं, आणि होण्याआधी कळायला खेळ कळायला लागतो. चढाईपटू बोनसला (जादा गुणाच्या रेषेपलीकडे) पाय टाकायला लागला की माझी नजर त्याच्यावर नसतेच, कोपरारक्षकावर असते. कोपऱ्यातला माणूस गुडघ्यात जरा खाली बसला, शेजाऱ्याचा हात सोडला, की तो घोट्यावर सूर मारणार, आणि मी तेव्हाच दाबायला लागतो. तुम्ही स्वतः कधी गावात खेळला असाल तर हे मी सांगायची गरज नाही, तुमच्या बोटाला ते माझ्या आधी कळेल.

आणि फोकस 'एआय सर्व्हो' किंवा 'एएफ-सी' वर (पळणाऱ्याच्या मागे फिरत राहणारा फोकस) आहे ना ते बघून घ्या. माझ्या पहिल्या स्पर्धेत मी अख्खी रात्र 'वन शॉट' वर (एकदा लागला की तिथेच अडकणारा फोकस) काढली होती. चारशे फोटो, प्रत्येकात मागचा चहावाला एकदम शार्प.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांखालच्या संघात खो-खो खेळते. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. ती इतकी पटपट पळते की फोटोत पाठ तरी येते नाहीतर नुसता पाय. कॅमेरा घ्यायला हवा का? (एक आई, धाराशिव)

नको ताई, इतक्यात नको. आधी मोबाइलवर सगळे उपाय करून बघा, कारण फोटोवाल्याच्या दृष्टीने खो-खो हा फार दयाळू खेळ आहे, फक्त त्याचे नियम वापरून घ्यायचे. पाठलाग करणारी मुलगी एकदा एका दिशेला निघाली की तिला मध्येच उलटं फिरता येत नाही, त्या बाजूच्या खांबापर्यंत जावंच लागतं नाहीतर खो द्यावा लागतो. आणि मुली बसतात ती मधली पाटी ओलांडूनही पलीकडे जाता येत नाही. पळणाऱ्या मुलीला हे बंधन नाही, ती कुठूनही कशीही घुसते, म्हणूनच तिच्या मागे मोबाइल फिरवला की हातात पाय येतो. तुमची लेक संरक्षणात असेल तेव्हा पहिली पाच मिनिटं मोबाइल खाली ठेवा आणि नुसतं बघा, ती कुठे वळते. प्रत्येकीची वळायची एक-दोन ठरलेली ठिकाणं असतात, आईला ती कोचच्या आधी कळतील.

ती पाठलागाला असेल तेव्हा तर सोपंच. खांब कुठे पळून जात नाही! खांबाच्या बाजूला, जरा तिरकं, खांबामागच्या मुक्त क्षेत्राच्याही बाहेर बसा (एकदा पंचांना विचारून घ्या, आणि खांबाच्या सरळ रेषेत मागे अजिबात नको, मुली वेगात तिथे घुसतात). मोबाइलच्या स्क्रीनवर खांबावर बोट दाबून धरा, फोकस तिथेच लॉक होतो. मग मोबाइल हलवायचा नाही, तोच कोन धरून थांबायचं आणि मुलगी खांबापासून दोन पावलांवर आली की बर्स्ट (बटण दाबून धरून धडाधड फोटो) सुरू. खांबाला एका हाताने धरून शरीर जमिनीला समांतर, दुसरा हात पुढच्या मुलीच्या पाठीपाशी, वेणी हवेत, असा फोटो मोबाइलवर निघतो, मी काढलेला आहे, घरी फ्रेम करून लावलाय आणि पाहुणे विचारतात कुठला कॅमेरा.

दोन बोटांनी स्क्रीनवर झूम करू नका, त्याने फोटो नुसता ताणला जातो. लांब असाल तर घरी येऊन कापा. आणि सकाळचा सामना असेल तरच मोबाइलकडून अपेक्षा ठेवा, इनडोअर मॅटवर संध्याकाळी मोबाइल आपोआप शटर सावकाश करतो आणि मग सगळं वाहून जातं. भर उन्हात एक पळवाटही आहे, फोर-के व्हिडिओ काढून त्यातून एक चौकट उचलायची, ती साधारण ८ मेगापिक्सेलची पडते, पोस्टकार्ड साइज प्रिंटला भरपूर झाली.

एक जाता जाता. पळणाऱ्यांच्या नादात बसलेल्या मुलींचे फोटो राहून जातात. आठजणी उकिडव्या, एक हात जमिनीला, मान वळलेली, खो कधी मिळतोय. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला आणि आपल्या दोन्ही संघांनी तो जिंकला, तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या चार घरांतल्या मुली खो-खोला जायला लागल्यात, आणि प्रत्येकीच्या आईकडे फोटो आहे तो मेडल गळ्यात घातलेला. बसलेल्या मुलीच्या डोळ्यांतला फोटो कुणाकडेच नाही.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. मित्राने स्ट्रेट ड्राइव्ह मारताना मोबाइलवर फोटो काढला तर बॅट केळ्यासारखी वाकडी आलीये. सगळे हसतात. ॲप खराब आहे का? (एक विद्यार्थी, ठाणे)

नाही रे, ॲपने काही केलं नाही. मोबाइलचा सेन्सर सगळा फोटो एकदम घेत नाही, एकेक ओळ वाचत जातो, झेरॉक्स मशीनमधला दिवा सरकतो ना तसा. तो सरकेपर्यंत तुझ्या मित्राची बॅट पुढे निघून गेलेली असते, म्हणून वरची ओळ एका जागी आणि खालची ओळ दुसऱ्या जागी. झेरॉक्स निघत असताना कागद हलवून बघ, हाच प्रकार होईल (दुकानदार ओरडला तर माझं नाव सांगू नकोस). उपाय म्हणजे बॅट सगळ्यात जोरात असते तेव्हा दाबूच नको. बॅट मागे उचललेली असते तो क्षण, किंवा शॉट संपून कोपर वर राहतं तो क्षण, या दोन्ही वेळी बॅट जवळजवळ थांबलेली असते. आणि खरं सांगू, मोठमोठ्या फोटोंमध्येही बघ, शॉट संपल्यावरचेच जास्त असतात.

बॉल बॅटला लागतानाचा फोटो पाहिजे असा तुझा पुढचा प्रश्न होता. गणित कर. ताशी १२० किलोमीटरचा बॉल सेकंदाला ३३ मीटर जातो. १/२५० ला शटर उघडं असेल तेवढ्यात तो १३ सेंटिमीटर सरकला, म्हणजे जवळपास दोन बॉलांइतका, मग फोटोत लाल रेघ येणार. १/२००० ला दीड-पावणेदोन सेंटिमीटर, तिथे बॉल बॉलासारखा दिसतो. तुमच्या गल्लीत कुणी १२० ने टाकत नसणार, पण टेनिस बॉललाही १/१००० तरी ठेव, मोबाइलच्या प्रो मोडमध्ये मिळतं. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर खेळा, दुपारी टोपीची सावली तोंडावर पडते आणि बॅट्समन कोण हेच कळत नाही.

प्रश्न : बैलगाडा शर्यतीचे फोटो काढतो. १/१००० ला बैल शार्प येतात पण फोटो मेलेला वाटतो, जणू बैल उभेच आहेत. वेग कसा दाखवायचा? (एक वाचक, मंचर)

शटर सावकाश करून! वर कबड्डीला जे सांगितलं त्याच्या बरोब्बर उलटं. १/१२५ पासून सुरुवात करा, हात बसला की १/६०. पाय घट्ट रोवायचे, कमरेतून फिरायचं, गाडा लांब असतानाच बैलाच्या डोक्यावर फोकस धरून त्याच्या वेगाने कॅमेरा फिरवत राहायचं, समोर आला की दाबायचं आणि दाबल्यावरही फिरणं थांबवायचं नाही. सगळे इथेच चुकतात, क्लिक झालं की हात थांबतो आणि फोटो फाटतो. जमलं तर बैलाचं डोकं स्वच्छ आणि मागची माणसं, झाडं, फेटे सगळं आडव्या रेघांत वाहून गेलेलं. जमलं तर हं. मोटारसायकल सरळ रेषेत जाते म्हणून तिला हे सोपं, बैल उडत उडत पळतो, वर-खाली होतो, त्यामुळे माझे चाळिसात एक-दोन येतात. तुमचे तीन आले तर मला शिकवा.

एक अडचण येईल. भर दुपारच्या उन्हात १/६० ठेवलं तर आयएसओ १०० ला सुद्धा एफ २० च्या पुढे जावं लागतं, आणि एवढं तोंड बारीक केलं की सेन्सरवरचा कचरा फोटोत ठिपके ठिपके होऊन दिसतो. घाटातली, म्हणजे गाडे पळतात त्या वाटेवरची, धूळ तर माहितीच आहे. म्हणून एक एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळी काच) बाळगा, किंवा उन्हं कलल्यावरच्या बाऱ्यांना (फेऱ्यांना) हे कॅमेरा फिरवणं, म्हणजे पॅनिंग, करा. आणि धुळीत लेन्स बदलू नका, अगदीच वेळ आली तर गाडीत बसून काचा लावून बदला.

बैलाचे पाय कुठल्या क्षणी पकडायचे, असंही तुम्ही विचारलंय. याची मजा ऐका. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या माणसाने पळत्या घोड्याच्या वाटेवर १२ कॅमेरे लावले, घोड्याच्या पायाने दोरा तुटला की कॅमेरा उडायचा. तोपर्यंत चित्रकार पळणारा घोडा दाखवायचे तो पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला. फोटोत दिसलं की चारी पाय हवेत असतात खरे, पण पोटाखाली गोळा झालेले असताना! डोळ्याला जे वाटतं ते आणि जे होतं ते वेगळंच. बैलाचंही तुम्ही स्वतः बर्स्टमधून बघा, कुठल्या चौकटीत वेग वाटतो ते. मला तरी पुढचा एक पाय दुमडलेला आणि मान पुढे ताणलेली चौकटच जोरकस वाटते.

आणि उभं कुठे राहता ते सांगितलं नाहीत म्हणून सांगतो, निशाणाच्या पुढे, गाडे थांबतात तिथे, कधीही उभं राहू नका. तिथून समोरून फोटो झकास मिळतो हे मला माहितीये. एकदा मी राहिलोय, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मागून कॉलर धरून ओढलं आणि जे काय सुनावलं ते इथे छापता येणार नाही. भिंगातून बघताना गाडा किती जवळ आलाय याचा अंदाजच राहत नाही. २०१४ पासून शर्यती बंद होत्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने कायदा उचलून धरला, पण अटी आहेत, चाबूक-काठी त्यात बसत नाही. तसलं काही कॅमेऱ्यात आलं तर 'थरार' म्हणून मिरवू नका.

प्रश्न : कुस्तीचे फोटो काढताना मागे खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, मोबाइल धरलेले लोक येतात. (एक वाचक, कोल्हापूर)

अहो तुम्ही कोल्हापूरकर आणि मला विचारता! खासबागेत जा आणि वर चढून बसा. शाहू महाराजांनी बांधलेलं ते मैदान १९१२ पासून आहे, हौदा (कुस्तीचा आखाडा) मध्ये खाली आणि माणसं गोल चढत्या उतारावर, कुठूनही बसलं तरी कुस्ती दिसते. वरून काढलं की मागे नुसती लाल माती, दुसरं काही नाही, याहून चांगला पडदा कुठल्या स्टुडिओत आहे का सांगा. खाली जमिनीला टेकून काढलेले फोटो भारी वाटतात हे खरं, पण मग बाटल्या येणारच. इतर गावच्या फडात उतार नसतो, तिथे ट्रॅक्टरची ट्रॉली शोधायची. आणि कान उघडे ठेवा, हलगीवाला कुस्तीकडे बघूनच वाजवत असतो, त्याचा हात चढला की काहीतरी व्हायच्या बेतात आहे असं समजून बोट शटरवर ठेवायचं. मला ढाक आणि कलाजंग या डावांतला फरक अजून पटकन कळत नाही, हलगीवाल्याला कळतो.

प्रश्न : एका मॅचचे १८०० फोटो निघाले. कुठले ठेवायचे? (पुणे)

बारा. आधी डोळे मिटलेले, हललेले, चेहरा नसलेले झटपट उडवा, मग दोन दिवस बघूच नका, मग बसा. आणि पुढच्या वेळी बर्स्टचं बटण दाबून धरायची सवय मोडा, तीन-चार फोटोंचे तुकडे मारा. नेमका डाव रंगात आला की बफर (कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण) भरतो आणि कॅमेरा मख्ख बसून राहतो, हे सगळ्यांबरोबर एकदा होतंच.

प्रश्न : ७०-२०० एफ २.८ लेन्स घेऊ का? (नाशिक)

भाड्याने आणा, एक रविवार गळ्यात अडकवून फिरा, संध्याकाळी मान काय म्हणते बघा. साधारण दीड किलोचं लोढणं आहे ते.

प्रश्न : मैदानावर कार्यकर्ते हाकलून देतात. त्यांना वाटतं आम्ही घुसखोर. (एक वाचक, चिपळूण)

कारण आपण घुसतोच. सामना सुरू व्हायच्या अर्धा तास आधी जा, आयोजकांपैकी ज्याच्या हातात माइक नाही असा माणूस गाठा (माइकवाल्याला वेळ नसतो), कुठे बसलं तर चालेल ते त्यालाच विचारा आणि तिथेच बसा, उठून पळापळ नको. दुसऱ्या दिवशी वीसेक चांगले फोटो त्यांना पाठवून द्या, वर भलंमोठं नाव न छापता. पुढच्या वर्षी तेच खुर्ची देतात, चहाही येतो. शाळेच्या मुलामुलींचे फोटो असतील तर कुठेही टाकण्याआधी त्यांच्या सरांना नाहीतर आईवडिलांना विचारा. आणि फ्लॅश बॅगेतून काढूच नका, चढाईपटूच्या तोंडावर ऐन वेळी उजेड पडला आणि त्याची पकड झाली तर तुम्हाला हाकलतील ते कार्यकर्ते नाही, अख्खा संघ.